अनुभव बागुलांचा, मग तंत्र फडक्यांचेच का?

मराठी कथेवरच्या चर्चासत्रांत एक विधान इतक्या वेळा कानावर पडते की ते आता सिद्ध झाल्यासारखेच धरले जाते. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, संवाद या घटकांची चिकित्सा म्हणजे ना. सी. फडके यांचे तंत्र. फडक्यांचा काळ गेला, त्यांच्याबरोबर तंत्रही गेले. ग्रामीण आणि दलित कथेने जिवंत अनुभव आणला आणि अनुभवाची घटकवार छाननी करायची नसते. तेव्हा फडके आणि बाबुराव बागुल यांच्या कथा शेजारी ठेवून त्यांच्या घटकांची तुलना करणे हे निरर्थकच नव्हे, तर बागुलांवर अन्याय करणारे आहे. असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. ज्यांचे लेखन दीर्घकाळ वेशीबाहेर ठेवले गेले त्यांना जुन्या मापाने मोजू नये, ही त्यामागची तळमळ आहे. पण परिणाम नेमका उलटा होतो. कारागिरीचा सातबारा कायमचा फडक्यांच्या नावावर चढतो आणि बागुल, दया पवार, अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला फक्त सोसणे उरते. ज्यांनी सोसले त्यांनीच ते रचले, निवडले, मागेपुढे केले, काही झाकले आणि काही उघडे ठेवले, हे सांगण्याची सोयच राहत नाही. घटकांच्या तुलनेला असलेला हा विरोध चुकीचा आहे आणि ही तुलना सोडून दिल्याने सर्वांत जास्त नुकसान दलित आणि ग्रामीण कथेचेच होते, असे माझे म्हणणे आहे.

आधी फडक्यांना त्यांचे देणे देऊ. १८९४ साली आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या कर्जतला जन्मलेल्या या लेखकाने १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहिले. कथा-कादंबरी आकाशातून पडत नाही, ती घडवावी लागते आणि घडवण्याचे नियम शिकता येतात, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला पहिल्यांदा इतक्या तपशिलाने सांगितले. गुंतागुंत, निरगाठ, उकल हे शब्द वर्गावर्गांत पोचले ते त्यांच्यामुळे. त्यांचा दोष घटकांबद्दल बोलण्यात नव्हता. दोष होता घटकांची उतरंड ठरवून टाकण्यात. कथानक सर्वांत वर, उत्कंठा त्याचा प्राण, आकर्षक सुरुवात आणि धक्का देणारा शेवट हे त्याचे दोन खांब, आणि वातावरण मागे लावलेला पडदा. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय तरुणांच्या प्रेमकथेला ही रचना चपखल बसली, म्हणून ती सगळ्याच कथांची रचना आहे असा समज झाला. पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने ही उतरंड मोडली. मोडली ती उतरंड, घटक नव्हेत. गाडगीळांच्या कथेतही निरगाठ असते. ती फक्त घटनांतून निघून माणसाच्या मनात जाऊन बसलेली असते.

विरोधकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. घटकांची तुलना आज ज्या रीतीने शिकवली जाते ती खरोखरच निर्जीव आहे. बारावीच्या ‘युवकभारती’त कथा या साहित्यप्रकाराचा परिचय आहे, त्यात कथेचे घटक एकामागोमाग समजावले आहेत आणि सोबत व. पु. काळे यांची ‘शोध’ आणि प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ अशा दोन कथा आहेत. एक शहरातली, एक विदर्भातल्या खेड्यातली. तुलनेसाठी याहून चांगली जोडी कोणती? पण विद्यार्थी काय लिहितो? पहिल्या कथेचे वातावरण शहरी, दुसरीचे ग्रामीण. पहिलीची भाषा प्रमाण, दुसरीत बोली. दोन्हींचे पात्रचित्रण प्रभावी. उभी रेघ मारून दोन रकाने भरले की गुण मिळतात. यात एकही वाक्य चुकीचे नसते आणि एकाही वाक्यातून कथा कळत नाही. कारण घटक सुटे करून मांडले की ते कोणत्याही कथेला लागू पडतात. घटकांची तुलना खरी होते ती एका घटकाने दुसऱ्याला काय करायला लावले हे विचारल्यावर. हे शिकवले जात नाही, हा शिकवण्याचा दोष. त्यासाठी तुलनाच टाकून देणे म्हणजे औषध चुकीचे दिले म्हणून वैद्यकच बंद करणे.

आता प्रत्यक्ष कथांकडे येऊ. फडक्यांच्या तंत्राचा गाभा पाहिला तर तो एका प्रश्नात सापडतो: कोणती गोष्ट कोणाला, केव्हा कळते? फडकेपद्धतीच्या कथेत लेखकाला सगळे ठाऊक असते, वाचकाला नसते, आणि हे अंतर शेवटपर्यंत ताणून धरण्यातच उत्कंठा असते. रहस्य वाचकापासून राखलेले असते आणि ते राखले जाते त्याच्या करमणुकीसाठी. हाच प्रश्न व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधल्या ‘धर्मा रामोशी’ला विचारून पाहा. १९४९ च्या या संग्रहाला व्यक्तिचित्रे म्हणायची पद्धत आहे. त्यात कथानक नाही, नुसती माणसे आहेत, असे सर्रास म्हटले जाते. पण धर्माच्या कथेत चक्क निरगाठ आहे. लंगोटीवर वावरणाऱ्या म्हाताऱ्या रामोशाला निवेदकाच्या घरून धोतर मिळते. नंतर तो दिसतो तेव्हा त्याच्या अंगावर ते नसते. निवेदकाला राग येतो, संशय येतो. मग ते धोतर दिसते ते त्याच्या तरुण मुलीच्या अंगावर. नेसायला धड काही नव्हते म्हणून जी घराबाहेर पडू शकत नव्हती, ती ते नेसून बाहेर आलेली असते.

हा शेवट धक्का देतो, आणि तो रचलेला आहे. माहिती मागे ठेवली आहे, योग्य क्षणी पुढे आणली आहे. फडक्यांच्या पुस्तकातला नियम अक्षरशः पाळला आहे. फरक इतकाच, आणि हाच फरक सगळे काही सांगतो, की इथे माहिती वाचकाला खेळवण्यासाठी लपवलेली नाही. निवेदकालाच ती ठाऊक नव्हती. आणि ठाऊक नव्हती कारण तो गावातल्या लिहित्या-वाचत्या, दान देणाऱ्या घरातला आहे. रामोशाच्या खोपटात काय आहे हे त्याला दिसू शकत नाही, दिसायची गरजही कधी पडलेली नाही. त्याचे अज्ञान हे त्याच्या जागेचे अज्ञान आहे. वाचकाला शेवटी जो धक्का बसतो तो ‘असे होते होय!’ असा नसतो. संशय घेण्यात निवेदकाबरोबर आपणही सामील होतो, याची शरम त्यात असते. ‘माडगूळकरांकडे तंत्र नाही, साधेपणा आहे’ असे म्हणणाऱ्याला ही शरम कुठून आली हे सांगता येणार नाही. ती निवेदकाच्या निवडीतून आली आहे. आणि ती निवड फडक्यांच्या निवडीशेजारी ठेवल्याशिवाय नीट दिसत नाही.

बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही तर याहून पुढची गोष्ट आहे. १९६३ च्या त्या संग्रहाचे नावच या कथेवरून पडले. रेल्वेत नोकरी लागलेला एक तरुण उधन्याला येतो. जातीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. सोबतच्या कामगारांत त्याला मान मिळतो, मैत्री मिळते, रामचरण तिवारीसारखा माणूस त्याला जवळ करतो. त्याच कामगारांत काशिनाथ सपकाळ आहे, जो काही लपवत नाही आणि कोणापुढे वाकत नाही. शेवटी जात उघडी पडते, निवेदकाला मारहाण होते, काशिनाथ त्याला सोडवतो; आणि निवेदक त्या माराचा दोष त्या चार माणसांवर न ठेवता त्यांच्यामागच्या जुन्या कायद्यावर ठेवतो. हा सांगाडा नुसता वाचला तर ही अस्सल फडकेपद्धतीची कथा वाटेल: एक रहस्य, ते फुटण्याची सतत भीती, हळूहळू आवळत जाणारा फास, स्फोट, सुटका. तंत्रविरोधी समीक्षक ज्या कथेला अनुभवाचा मानदंड म्हणून पुढे करतात, ती मराठीतल्या सर्वांत काटेकोर रचलेल्या कथांपैकी एक आहे.

आणि त्या रचनेत बागुलांनी एक गोष्ट अशी केली आहे की फडक्यांचे तंत्र पायापासून उलटे होते. रहस्य त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले आहे. प्रथमपुरुषी आणि भूतकाळात. पहिल्या ओळीच्या आधीच वाचकाला सगळे ठाऊक असते. ठाऊक नसते ते कथेतल्या माणसांना. त्यामुळे इथे ‘पुढे काय होणार?’ ही उत्कंठा नाही. वाचक निवेदकाबरोबर ते ओझे उचलतो, प्रत्येक आपुलकीच्या शब्दाला दचकतो, कोणी गोड बोलले की अधिक घाबरतो. प्रेमाचा प्रसंग हाच भीतीचा प्रसंग होतो. रहस्य शेवटपर्यंत झाकून ठेवले असते तर हीच कथा एका चमत्कृतीची झाली असती: ‘अरे, हा तर त्या जातीचा निघाला!’ म्हणजे वाचकही त्या कामगारांच्या रांगेत जाऊन उभा राहिला असता. बागुलांनी वाचकाला त्या रांगेत उभे राहू दिले नाही. एका शीर्षकाने हे साधले. याला तंत्र म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

तीन कथापद्धती, एकच घटक. लेखकाला माहीत आणि वाचकाला नाही. निवेदकालाच माहीत नाही. निवेदक आणि वाचक दोघांना माहीत, जगाला नाही. माहितीची ही वाटणी त्या त्या कथेतल्या समाजाच्या वाटणीशी जखडलेली आहे. ‘अनुभव अस्सल आहे’ एवढेच म्हणून थांबणारा वाचक या जागेपर्यंत येतच नाही. अस्सल अनुभव हजारोंना आलेले आहेत. त्यांतल्या एकाचाच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ का झाला, याचे उत्तर अनुभवात नाही.

वातावरणाबद्दलही तेच. रकाने भरणारा म्हणतो, फडक्यांचे वातावरण सुखवस्तू, बागुलांचे कामगारवस्तीचे. खरा फरक असा की फडक्यांच्या नायकाला कोणतेही दार बंद नाही. तो दिवाणखान्यात जातो, क्लबात जातो, कोणाच्याही घरी चहाला बसतो आणि कथा तिथून सुरू होते. दार उघडणे ही तिथे घटना नसते. बागुलांच्या कथेत डोके टेकायला जागा मिळणे हीच घटना आहे, कोणाच्या घरी जेवायला बोलावणे येणे हे संकट आहे. एकाकडे जो पडदा आहे तोच दुसऱ्याकडे कथानक झाला आहे. आणि हे एकदा पाहिले की फडक्यांची कथाही पहिल्यासारखी वाचता येत नाही. ती उघडी दारे आता खुपू लागतात. ती कोणासाठी उघडी होती हा प्रश्न त्या कथेने कधी विचारला नाही, हे दिसू लागते. तुलनेने बागुल लहान होतील अशी ज्यांना भीती वाटते त्यांनी हे पाहावे की या तुलनेत तपासणी फडक्यांची होते आहे.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये म्हटले की आनंद देणे हे ज्या सौंदर्यशास्त्राचे अंतिम मूल्य आहे ते दलित साहित्याला लागू करता येत नाही. त्याचे मूल्य समता, स्वातंत्र्य, न्याय, बंधुता यांच्याशी बांधलेले आहे. मला हे पटते. पण यातून घटकांची चिकित्सा बाद होते असे मात्र नाही. लिंबाळे माप बदला म्हणतात. मोजूच नका असे म्हणत नाहीत. कथेने माणसाला न्याय दिला का, हे विचारायचे असेल तर ते कुठे तपासणार? कोणाला बोलायला दिले आणि कोणाला नुसते दाखवले, यात. कोणाला नाव दिले आणि कोण ‘एक म्हातारी’ राहिली, यात. शेवटचा शब्द कोणाचा, यात. ही सगळी निवेदन, पात्रचित्रण आणि संवाद यांचीच चिकित्सा आहे. न्यायाचे मूल्य घेऊन कथेत उतरायचे तर घटकांच्या पायऱ्यांवरूनच उतरावे लागते. आशय चांगला म्हणून कथा चांगली, असे म्हणण्याने लिंबाळ्यांच्या भूमिकेलाही बळ मिळत नाही. उलट, दलित लेखनाला सवलतीचे गुण दिले जातात असे म्हणणाऱ्यांचे फावते.

दया पवारांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या एका टोकाला, अवर्षणाच्या पट्ट्यात फडक्यांचे कर्जत, तर दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यात पवारांचे धामणगाव. त्यांच्या ‘विटाळ’ या कथासंग्रहाची चर्चा फारशी होत नाही आणि १९७८ च्या ‘बलुतं’ची होते ती जवळजवळ संपूर्णपणे त्यातल्या दुःखाची. पण ‘बलुतं’ कोण सांगते? दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन तुकडे: एक गावकुसाबाहेरचा, एक शिकून शहरात स्थिरावलेला. सांगणारा ऐकणाऱ्याला अडचणीत आणतो, ऐकणारा सांगणाऱ्याला टाळू पाहतो. ही आत्मकथेची सरळ रीत नव्हे. सरळ ‘मी’ वापरला असता तर स्थिरावलेल्या माणसाने आपल्या हलाखीच्या दिवसांकडे मागे वळून पाहिले, असा सूर लागला असता. मराठी मध्यमवर्गाला तो सूर आवडतोही. पवारांनी तो लागू दिला नाही. हे लेखन कथा नव्हे, आत्मकथन आहे. तरी निवेदक निवडण्याचा हा निर्णय कथेतल्या निर्णयासारखाच आहे आणि त्याची तुलना माडगूळकरांच्या अनभिज्ञ निवेदकाशी आणि बागुलांच्या सगळे जाणणाऱ्या ‘मी’शी केली, तर ‘बलुतं’ची उंची वाढते, घटत नाही.

दुसरा आक्षेप देशीवादाच्या बाजूने येतो. कथानक-पात्र-वातावरण ही विभागणी इंग्रजी शिक्षणाबरोबर आली, आपल्या गोष्टीच्या परंपरेला ती परकी आहे. पारिभाषिक शब्द उशिरा आले, हे खरे. पण गोष्टीच्या अंगांचा विचार उशिरा आला, हे खरे नाही. याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या सराळ्याचे म्हाइंभट घ्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध करताना ज्यांनी ज्यांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना पाहिले त्यांना शोधून त्यांनी आठवणी गोळा केल्या, आणि जिथे सांगणाऱ्यांत मतभेद होता तिथे कोणाचा पाठ कोणता, हा भेद महानुभाव परंपरेने नोंदवून जपला. निवेदक बदलला की गोष्ट बदलते, हे भान त्यात स्पष्ट आहे. त्याच परंपरेतल्या केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त तर सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणीच आहे: सिद्धांत वेगळा, गोष्ट वेगळी, गोष्टीचा लागणारा अर्थ वेगळा. गोष्ट आणि तिचा अर्थ यांतला सांधा कुठे आहे हे त्या काळी इतक्या स्वच्छपणे दाखवून ठेवले असताना चिकित्सा परकी म्हणणे हे आपल्याच वारशाचे विस्मरण आहे.

आणि तुलनेची मर्यादाही तिथेच कळते. ‘लीळाचरित्रा’तली सशाची लीळा घ्या. शिकारी कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रयाला येतो. पारधी येतात, ससा मागतात. शरण आलेल्याला सोडायचे नाही एवढेच त्यांना सांगितले जाते. बोलणे होते, पारधी निघून जातात आणि मग सशाला, एखाद्या आदरणीय माणसाला म्हणावे तसे, आता जा म्हणून सांगितले जाते. इथे कोणापासून काही लपवलेले नाही. ससा कुठे आहे हे पारध्यांना ठाऊक, वाचकाला ठाऊक, सगळ्यांना ठाऊक. निरगाठ नाही, उकल नाही, वर्णन जवळजवळ नाही. तरी ताण आहे, कारण सगळा भार संवादावर आहे, आणि सशाशी बोलताना वापरलेल्या आदरार्थी वचनावर आहे. फडक्यांचे तंत्र या कथेला लावले तर ती कथाच ठरत नाही. म्हणजे अपुरे ठरते ते फडक्यांचे माप. पण ते अपुरे आहे हे आपल्याला कळले कशावरून? संवाद, निवेदन, वर्णन या घटकांकडे पाहिले म्हणून. घटकांची तुलना प्रत्येक कथेत प्रत्येक घटक शोधून काढण्यासाठी करायची नसते. कोणत्या कथेने कोणत्या घटकावाचून भागवले आणि त्याचा भार कशावर टाकला, हे पाहण्यासाठी करायची असते.

‘इतके बारकावे पाहत बसलो तर कथेतली वेदना हातातून निसटते’ असेही म्हटले जाते. धर्मा रामोशाच्या मुलीच्या अंगावरचे धोतर आपल्याला आत कुठेतरी कापत जाते, ते माडगूळकरांनी ते नेमके त्या जागी ठेवले म्हणून. आधीच्या पानावर ठेवले असते तर ती एक करुण माहिती झाली असती. वेदना पोचते ती रचनेतून. रचना पाहिल्याने ती कमी होत नाही, ती कोणी आणि कशी पोचवली ते कळते. लेखकाचा मान राखायचा असेल तर त्याने केलेले काम पाहिले पाहिजे.

म्हणून माझी विनंती नगर, संगमनेर, श्रीरामपूर, अकोले, कर्जत इथल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना आहे. पुढच्या अंतर्गत परीक्षेत ‘कथेच्या घटकांच्या आधारे तुलना करा’ हा प्रश्न काढून टाकू नका. त्याऐवजी फडक्यांची कोणतीही एक कथा, ‘धर्मा रामोशी’ आणि ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या तीन कथा द्या आणि एकच विचारा: यांत कोणती गोष्ट कोणाला आधी कळते, कोणाला शेवटी कळते, आणि ती तशी का कळते? उत्तर लिहायला रकाने आखू देऊ नका.